टीएमएसच्या पहिल्या दिवशी नेमकं काय होतं?

ताई, मी नाशिक रोडला जेलरोड भागात राहते. वय ४१. खासगी शाळेत प्राथमिकच्या वर्गाला शिकवते. गेली काही वर्षं डिप्रेशनची ट्रीटमेंट चालू आहे. दोन वेगवेगळी औषधं पूर्ण डोसमध्ये घेऊन झाली. थोडा फरक पडतो आणि पुन्हा जैसे थे. आता डॉक्टरांनी टीएमएस (ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे चुंबकीय ठोक्यांनी मेंदूला चेतवायचा उपचार) सुचवलंय. पुढच्या सोमवारी कॉलेज रोडच्या क्लिनिकमध्ये पहिली अपॉइंटमेंट आहे. भूल नाही, ॲडमिट व्हायचं नाही, एवढंच डॉक्टर बोलले आणि गर्दी होती म्हणून मलाही जास्त विचारता आलं नाही. सासूबाईंना कुणीतरी सांगितलं की डोक्याला शॉक देतात आणि माणूस सगळं विसरतो. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, शिफ्ट ड्यूटी, त्यामुळे रोज सोबत येणं त्यांना जमणार नाही. तिथे गेल्यावर नेमकं काय करतात? दुखतं का? केस जातात का? ॲक्टिव्हावर एकटी परत येऊ शकेन का? आणि शाळेत काय सांगू?
— एक वाचक, नाशिक रोड

बाई, नमस्कार. शाळेत सगळे तुम्हाला बाईच म्हणत असतील, मीही तेच म्हणते.

आधी सासूबाईंचं बघू. घरात ही शंका तशीच राहिली तर तुम्ही रोज क्लिनिकला निघताना कुणीतरी तोंड पाडून बसलेलं असेल, आणि सध्या तुम्हाला ते झेपणार नाही. त्या ज्याला शॉक म्हणतात ती ईसीटी, म्हणजे विजेच्या झटक्याने करायचा उपचार. त्यात पेशंटला भूल देतात आणि मेंदूत ठरवून थोडा वेळ फिट आणतात. त्या काळातल्या आठवणी काही जणांच्या पुसट होतात, हेही खरं. टीएमएस ही सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे. इथे फिट आणायची नसते, ती येऊ नये म्हणून आधी चौकशा केल्या जातात. तुम्ही पूर्ण जाग्या असता, आजूबाजूचं सगळं कळत असतं आणि उठून स्वतःच्या पायाने घरी जाता. या उपचारात स्मरणशक्ती जात नाही.

ईसीटीला मात्र सासूबाईंसमोर वाईट ठरवू नका. खाणंपिणं सुटलेल्या, जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या काठावर असलेल्या पेशंटला आजही तिच्याइतका लवकर गुण देणारं फार थोडं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल न देता ईसीटी करायला बंदीच घातली आहे. सिनेमात दाखवतात ते चित्र डोक्यातून काढून टाकायला हवं. तुमच्या डॉक्टरांनी तुमची तब्येत बघून टीएमएस निवडलंय, एवढंच त्यांना सांगा. शक्य असेल तर सोमवारी मिस्टरांना सुटी टाकायला लावा आणि डॉक्टरांकडून हे त्यांनाच ऐकू द्या. आईला मुलाने समजावलेलं जास्त पटतं, हा आपल्याकडचा अनुभव आहे.

आता यंत्राबद्दल. तारेच्या वेटोळ्यातून वीज झटकन सोडली की भोवती क्षणभर चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि ते क्षेत्र बदलत असताना जवळच्या वाहक पदार्थात वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं हेच तत्त्व. शाळेच्या विज्ञानात आपण ते पाठ केलेलं असतं. १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं वेटोळं माणसाच्या डोक्यावर धरलं आणि समोर त्या माणसाचा हात हलला. कवटी विजेला अडवते, चुंबकीय क्षेत्राला अडवत नाही. त्यामुळे काहीही न कापता, न टोचता मेंदूच्या वरच्या थरापर्यंत, साधारण दोन-तीन सेंटिमीटर खोल, अगदी थोडी वीज पोचवता येते. डिप्रेशनमध्ये कपाळाच्या डाव्या बाजूमागचा जो भाग मंदावलेला आढळतो, त्याला रोज ठरावीक वेळ असं चेतवत राहायचं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २००८ मध्ये डिप्रेशनसाठी या उपचाराला मंजुरी दिली, तीही तुमच्यासारख्यांसाठीच, ज्यांना गोळ्यांनी पुरेसा गुण आला नाही.

इथेच एक सांगून ठेवते. प्रदर्शनात, सोसायटीच्या हॉलमध्ये चुंबकाच्या गाद्या, पट्टे, कडी विकायला येतात. टीएमएसचं नाव ऐकलं की एखादे काका म्हणतील, एवढे पैसे कशाला, माझ्याकडे चुंबकाची उशी आहे. स्थिर पडून राहिलेल्या चुंबकाने मेंदूत वीज तयार होत नाही. त्या उशीचा आणि या उपचाराचा काडीचा संबंध नाही.

सोमवारी तुम्ही आत गेलात की पहिला बराच वेळ यंत्राजवळ कुणी नेणारच नाही. आधी प्रश्न. बाई, माझं सगळ्यात मोठं सांगणं याच प्रश्नांबद्दल आहे. पहिल्या दिवशी यंत्राइतकीच तुमची उत्तरं महत्त्वाची असतात. यंत्र किती जोरात चालवायचं, चालवायचं की नाही, हे त्यांवरून ठरतं. आणि आपण बायका डॉक्टरांसमोर नेमक्या तिथेच आखडतो. ‘काही विशेष नाही’ म्हणून मोकळ्या होतो. सोमवारी असं करू नका.

डोक्यात किंवा मानेच्या वर कुठे धातू बसवलाय का, हे विचारतील. मेंदूच्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, कानात बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट, डोळ्याजवळ घुसून राहिलेला धातूचा कण, असं काही असेल तर बहुतेक वेळा हा उपचार करतच नाहीत. पेसमेकर असेल तर वेगळा विचार करावा लागतो. दातातली चांदी, कॅप, रूट कॅनाल यांना सहसा हरकत नसते, पण तेही सांगा. कधी फिट आली होती का, लहानपणी तापात आकडी आली होती का, घरात कुणाला अपस्मार आहे का, डोक्याला मार लागून बेशुद्ध पडला होतात का, ही माहिती आईला किंवा मोठ्या भावाला आधीच फोन करून विचारून ठेवा. लहानपणची आकडी आपल्याला आठवत नसते. दिवस राहिले असण्याची शक्यता असेल तर तीही लाजून लपवू नका. आणि आयुष्यात कधी असा काळ आला होता का, की चार-चार दिवस झोप नको वाटली, डोकं भराभर चाललं, खर्च सुटला, बोलणं थांबेना? हे विचारायला डॉक्टर विसरले तरी तुम्ही सांगा. अशा माणसांत या उपचाराने क्वचित उन्माद उसळू शकतो, म्हणून डॉक्टरांना माहीत असलेलं बरं.

औषधांचं तर पूर्ण पाकीटच घेऊन जा. नुसती नावं सांगू नका, प्रत्येक स्ट्रिप पिशवीत टाका. थायरॉइडची, बीपीची, डोकेदुखीची, कुणा वैद्यांची, सगळी. ब्युप्रोपिऑनसारखी काही औषधं फिटची शक्यता थोडी वाढवतात. दुसरीकडे झोपेसाठी दिलेल्या क्लोनाझेपाम, लोराझेपाम अशा गोळ्या घेणाऱ्यांना टीएमएसचा गुण कमी येतो, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. पण हे वाचून त्या गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत. त्या अचानक सोडल्या तर त्यामुळेच फिट येऊ शकते. कमी करायच्या असतील तर डॉक्टर पायरीपायरीने करतील. दारूचंही तसंच. तुम्हाला लागू नसेल, पण हे पत्र इतरही वाचणार आहेत म्हणून लिहिते. रोजची दारू उपचाराच्या तोंडावर एकदम सोडून काही न सांगता खुर्चीत बसणं धोक्याचं आहे.

मग एक फॉर्म भरायला देतील. बहुतेक ठिकाणी पीएचक्यू-९ असतो, नऊ प्रश्नांचा. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, थकवा, मन लागणं कसं होतं, ते ० ते ३ मध्ये सांगायचं. मराठी फॉर्म मागून घ्या. मार्कांची बेरीज जास्तीत जास्त २७ होते आणि पुढे आठवड्याआठवड्याला हाच आकडा बघून फरक पडतोय का ते ठरवतात. म्हणून आजचा आकडा खरा हवा. तुम्ही शिक्षिका आहात. पालकांना बरं वाटावं म्हणून मार्क वाढवून दिले तर पुढच्या वर्गात मुलाचंच नुकसान होतं, हे तुम्हाला मी काय सांगणार. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल असतो. सोबत मिस्टर बसले असतील आणि त्यांच्यासमोर तो भरणं जड जात असेल, तर ‘मला डॉक्टरांशी दोन मिनिटं एकटीला बोलायचंय’ असं सरळ म्हणा. हा तुमचा हक्क आहे.

त्यानंतर संमतीपत्र. वाचल्याशिवाय सही नको. काय करणार, कशासाठी, धोके कोणते, मध्येच थांबवता येतं का, हे त्यात हवं. मध्येच थांबवता येतंच. दिलेली संमती कधीही मागे घेता येते.

एवढं झालं की खुर्ची. दातांच्या डॉक्टरकडे असते तशी, पाठ टेकून बसायची. कानातले, केसांतल्या पिना, क्लिपा, धातूच्या फ्रेमचा चष्मा काढायला लावतील. चमकी आणि मंगळसूत्राबद्दल क्लिनिक जे सांगेल ते करा. मोबाइल, घड्याळ, एटीएम कार्ड यंत्राच्या जवळ न्यायचंच नाही, खराब होतं. घरून निघतानाच मौल्यवान काही घालू नका म्हणजे तिथे शोधाशोध नको. आदल्या रात्री डोक्याला तेल चोपडू नका. टोपी घसरते.

टोपी म्हणजे पोहताना घालतात तसली घट्ट कापडी टोपी. ती चढवून टेपने मापं घेतात: नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. पेनने खुणा करतात. कानात बोळे देतात. ते नीट आतपर्यंत बसवून घ्या, कारण यंत्राचा आवाज जवळून मोठा असतो.

आणि मग पहिल्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. डॉक्टर तुमचा उजवा हात मांडीवर तळवा वर करून ठेवायला सांगतील, अगदी सैल. इंग्रजी आठच्या आकड्यासारखं दिसणारं, प्लॅस्टिकने मढवलेलं वेटोळं डोक्याच्या डाव्या बाजूला, कानाच्या थोडं वर टेकवतील. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू हलवतो, म्हणून नजर उजव्या हातावर. टक्. काही होत नाही. वेटोळं जरासं सरकतं. टक्. कदाचित मधलं बोट हलतं. पुन्हा सरकतं. टक्, आणि तुमचा अंगठा आपण होऊन उडतो. तुम्ही हलवलेला नसतो. पहिल्यांदा हे बघून अनेकांना एकदम हसू येतं, काहींना क्षणभर भीती वाटते. दोन्ही ठीक. यंत्राने तुमचा ताबा घेतलेला नाही. अंगठा हलवणाऱ्या पेशींना बाहेरून एक इशारा मिळाला, इतकंच झालं.

आता जोर हळूहळू कमी करत जातात. दहा वेळा टक् केल्यावर अंगठा निदान पाच वेळा हलेल, असा कमीत कमी जोर किती, ते शोधायचं असतं. काही ठिकाणी हे नुसत्या डोळ्यांनी बघतात, काही ठिकाणी अंगठ्याच्या स्नायूवर चिकटपट्ट्या लावून मशीनवर मोजतात. या आकड्याला मोटर थ्रेशोल्ड म्हणतात. तो ज्याचा त्याचा वेगळा असतो. कवटीची जाडी, कवटी आणि मेंदू यांच्यातलं अंतर, औषधं, झोप, सगळ्याचा त्यावर परिणाम होतो. तुमच्या उपचाराचा जोर याच आकड्यावरून ठरतो, बऱ्याचदा त्याच्या १२० टक्के. म्हणून हे मोजमाप घाईत उरकू देऊ नका आणि ते होत असताना डॉक्टर स्वतः खोलीत आहेत ना, ते बघा. पुढची रोजची सत्रं प्रशिक्षित टेक्निशियनने चालवली तरी चालतं. पहिलं मोजमाप मात्र डॉक्टरांच्या हातचं हवं, असं माझं ठाम मत आहे. रात्री जागरण झालं असेल तर हाच आकडा बदलू शकतो. त्यामुळे रविवारी रात्री पेपर तपासत बसायचं नाही.

आकडा मिळाला की वेटोळं तिथून पाच-सहा सेंटिमीटर पुढे, कपाळाच्या डाव्या बाजूकडे नेतात आणि तिथे स्थिर करतात. काही क्लिनिक पहिल्याच दिवशी पूर्ण सत्र देतात, काही फक्त मोजमाप करून उद्या बोलावतात. फोनवर आधीच विचारून घ्या, म्हणजे किती वेळ काढायचा ते कळेल. मापं, बोलणं, फॉर्म धरून पहिल्या दिवशी तास-दीड तास सहज जातो.

सत्र सुरू झालं की गॅसचा लायटर कुणी भराभर दाबत सुटावा तसा आवाज येतो. थोडा वेळ टकटक, मग विश्रांती, पुन्हा टकटक. जुन्या पद्धतीत चार सेकंद टकटक, सव्वीस सेकंद शांतता, असं सदतीस मिनिटं चालतं आणि त्यात तीन हजार ठोके पडतात. नवीन पद्धतीत, जिला थीटा बर्स्ट म्हणतात, दोन सेकंद चालू आणि आठ सेकंद बंद असं करत सहाशे ठोके तीन-साडेतीन मिनिटांत संपतात. ऐकून वाटेल की कमी वेळ म्हणजे कमी गुण. तसं नाही. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चारशेहून जास्त पेशंटांचा अभ्यास आला, त्यात तीन मिनिटांची पद्धत सदतीस मिनिटांच्या पद्धतीपेक्षा कमी पडली नाही. तुम्हाला कोणती देणार आहेत, ते विचारा. शाळा सांभाळून रोज यायचं तर याने मोठा फरक पडतो.

दुखतं का? तुमचे डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत, मी ‘अजिबात नाही’ असं लिहिणार नाही. डोक्याच्या त्या जागी टोचल्यासारखं, टपली मारल्यासारखं लागतं. भुवई, पापणी किंवा जबडा ठोक्यासरशी फडफडतो, क्वचित एखादा दात सणकतो. बहुतेकांना ते सहन होतं आणि पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत बोचणं कमी होत जातं. पण ‘सहन करायचंच’ असा पण करून बसू नका. वेटोळं जरा फिरवलं, तिरकं केलं तरी खूप फरक पडतो. जोर सुरुवातीला कमी ठेवून काही दिवसांत वाढवतही नेता येतो. सुरू करण्याआधीच ठरवून घ्या: डावा हात वर केला की थांबायचं. आणि खरंच लागलं तर हात वर करा. तुम्ही दहा वेळा थांबवलंत तरी कुणी वाईट वाटून घेणार नाही.

सत्रानंतर डोकं दुखू शकतं. साधी पॅरासिटामॉल चालेल का, ते डॉक्टरांना विचारून पर्समध्ये ठेवा. फिट येणं हा यातला खरा गंभीर धोका आहे. तो फार दुर्मीळ आहे, हजारात एका पेशंटपेक्षाही कमी, आणि आधी विचारलेले सगळे प्रश्न त्यासाठीच. त्यापेक्षा जास्त वेळा काय होतं, तर पहिल्या दिवशी धास्तीने आणि रिकाम्या पोटी माणसाला भोवळ येते. म्हणून सोमवारी उपास धरू नका. सोमवारचा, चतुर्थीचा, नवरात्राचा, कोणताही असो, निदान पोटभर काहीतरी खाऊन निघा. रोजचा चहा रोजच्यासारखाच घ्या. सासूबाईंनी सप्तशृंगी गडावर नवस बोलला असेल तर रविवारी दर्शन घेऊन या, मन शांत होतं. सत्राचा दिवस मात्र चुकवू नका.

केस जात नाहीत. यात एक्स-रेसारखे किरण नसतात, त्यामुळे कॅन्सरचीही भीती नको.

ॲक्टिव्हाचं विचारलंत. सत्रानंतर गाडी चालवायला सहसा हरकत नसते, भूल नसल्यामुळे गुंगीही नसते. तरी सोमवारी नको. पहिल्या दिवशी डोकं जड होईल की नाही हे तुम्हालाच माहीत नाही, आणि कॉलेज रोडहून नाशिक रोडला यायचं म्हणजे द्वारका चौकातून. संध्याकाळी तिथे काय हाल असतात ते आपण सगळे जाणतो. पहिले दोन-तीन दिवस मिस्टर, बहीण, मैत्रीण, कुणाला तरी घेऊन रिक्षाने जा किंवा सिटीलिंकची बस धरा. अंग ओळखीचं झालं की मग गाडी.

वेळ किती द्यावा लागेल याची कल्पना असू द्या. साधारणपणे आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे, म्हणजे वीस ते तीस सत्रं. शेवटी काही ठिकाणी हळूहळू कमी करत आणखी सहा देतात. मध्ये एखादा दिवस चुकला तर आभाळ कोसळत नाही, पण आठवडाच्या आठवडा गेला तर केलेलं वाया जाऊ शकतं. त्यामुळे सहामाही परीक्षा, दिवाळी, घरातलं लग्न, सगळं कॅलेंडरवर मांडून मगच सुरुवातीची तारीख पक्की करा. सोमवारी ती बदलून मागितलीत तरी चालेल. शाळा सुटल्यानंतरची वेळ मागा आणि ती रोज तीच राहील का ते विचारा.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत. पण क्लिनिकच्या काउंटरवर अवघडून उभं राहायला लागू नये म्हणून सांगते. दर सत्राचे किती, पहिल्या दिवसाच्या मोजमापाचे वेगळे का, पॅकेज घेतलं आणि दहा सत्रांनंतर थांबवावं लागलं तर उरलेले परत मिळतात का, हे कागदावर लिहून घ्या. मेडिक्लेम असेल तर कंपनीला आधी ईमेलने विचारा. २०१७ च्या त्याच कायद्यात लिहिलंय की विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायला हवं. पण ॲडमिट न होता घेतलेला उपचार अनेक पॉलिसींत बसत नाही आणि टीएमएस नेमकं तिथे अडकतं. उत्तर लेखी आलं म्हणजे पुढे भांडायलाही आधार राहतो. आणि कुणी ‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हणालं, तपासणी न करताच सगळी रक्कम आधी मागितली किंवा ‘आजपासून सगळ्या गोळ्या बंद’ म्हणालं, तर तिथून उठून या.

गॅरंटी नसते, कारण सगळ्यांना गुण येत नाही. गोळ्यांनी न भागलेल्या पेशंटांपैकी साधारण निम्म्यांना चांगला फरक जाणवतो, काहींचं डिप्रेशन पूर्ण उतरतं, काहींना काहीच होत नाही. म्हणून सोमवारी रात्री आरशासमोर उभं राहून ‘मला बरं वाटतंय का’ असं स्वतःला विचारू नका. तो दिवस त्याचा नाही. बहुतेकांना दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात काहीतरी कळायला लागतं, आणि पुष्कळदा ते आपल्याआधी घरच्यांना कळतं. भाजीला फोडणी देताना तुम्ही काहीतरी गुणगुणताय, हे मुलं आधी ऐकतात. रोज रात्री वहीत दोन ओळी लिहा: झोप किती, जेवण कसं, कुणाशी आपणहून बोललात का. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरांसमोर ती वही ठेवा.

या दिवसांत कधी मन एकदम खाली गेलं, मरणाचे विचार आले, तर पुढच्या सत्राची वाट बघायची नाही. डॉक्टरांना त्याच वेळी फोन करा. ते भेटले नाहीत तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. हा नंबर आजच मोबाइलमध्ये सेव्ह करा आणि मिस्टरांच्या मोबाइलमध्येही.

राहिली शाळा. मुख्याध्यापकांना किती सांगायचं हे तुमच्या हातात आहे. आजाराचं नाव सांगायलाच हवं असं नाही. तुमची प्रकृती तुमची खासगी बाब आहे. अर्जात एवढंच लिहा: ‘वैद्यकीय उपचारांसाठी पुढील सहा आठवडे दररोज शाळा सुटल्यावर रुग्णालयात जावे लागणार असल्याने शाळेनंतरच्या बैठका व जादा तासांतून सवलत मिळावी.’ सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा आणि त्यात फक्त ‘उपचार सुरू आहेत’ असा उल्लेख असावा, अशी विनंती सोमवारीच करून ठेवा. स्टाफरूममध्ये एखादी खरी मैत्रीण असेल तर तिला मात्र सगळं सांगा. वर्ग सांभाळून घ्यायला आणि एखाद्या दिवशी डोकं ठणकत असताना तुम्हाला रिक्षात बसवून द्यायला कुणीतरी लागेलच.

आणि सोमवारी जाताना हे छापलेलं पान सोबत न्या. खुर्चीत बसल्यावर काही सुचलं नाही तर डॉक्टरांपुढे धरा आणि म्हणा, यातलं एकेक मला समजावून सांगा.